एन्रॉन प्रकरण: नेमकी कोणती सही मागे घेता येणार नव्हती?

एन्रॉनचं, म्हणजे गुहागरला दाभोळ वीज प्रकल्प उभारणाऱ्या अमेरिकन कंपनीचं, नाव काढलं की चाळिशीच्या पुढच्या कुठल्याही मराठी माणसाला दोन गोष्टी हमखास आठवतात, एक म्हणजे "अरबी समुद्रात बुडवू" ही घोषणा आणि दुसरं म्हणजे नंतरचं लोडशेडिंग. मधली नऊ वर्षं, जून १९९२ ते मे २००१, फारशी कुणाला आठवत नाहीत आणि खरा अभ्यास करण्यासारखं सगळं तिथंच आहे. आपण हे प्रकरण कायम "कुणी किती खाल्लं" याच अंगाने बोलत आलो. मला त्यात पडायचंच नाही, कोर्टात ते कधी सिद्ध झालं नाही आणि चहाच्या टपरीवर ते रोज सिद्ध होतं, दोन्हीचा उपयोग नाही. मला वाटतं की समजा यातले सगळेच्या सगळे धुतल्या तांदळासारखे असते तरी हा निर्णय असाच फसला असता, कारण ज्या ज्या टेबलावर कागद आला तिथे "हे चांगलं आहे का" यावर वाद झाला पण "आपला अंदाज चुकला तर यातून बाहेर कसं पडायचं" हे कुणी विचारलंच नाही, किंवा विचारलं त्याला गप्प केलं गेलं.

तर आधी परिस्थिती समजून घेऊ, नाहीतर आत्ता बसून त्या लोकांना मूर्ख म्हणणं फार सोपं आहे.

१९९१ मध्ये देशाकडे परकीय चलन जवळजवळ संपलं होतं, सोनं गहाण टाकावं लागलं होतं. उदारीकरण सुरू झालं, वीजनिर्मिती खासगी आणि परदेशी कंपन्यांना खुली केली. राज्यांची वीज मंडळं तोट्यात, केंद्राकडे पैसा नाही आणि विजेची मागणी वाढतेय. परदेशी कंपन्या याव्यात म्हणून केंद्राने भांडवलावर १६ टक्के परताव्याची हमी देणारं धोरण आणलं आणि आठ प्रकल्प "फास्ट ट्रॅक" म्हणून पुढे काढले, त्यातला सगळ्यात मोठा आपला दाभोळ. म्हणजे दिल्लीला जगाला दाखवायला एक मोठं नाव हवं होतं, महाराष्ट्राला वीज हवी होती आणि ह्यूस्टनच्या एन्रॉनला भारतात पाय रोवायचा होता. तिघांनाही घाई, पण तिघांची घाई वेगवेगळ्या कारणांची, हे लक्षात ठेवा. घाईत असलेल्या तीन पार्ट्यांमध्ये ज्याला आपली घाई लपवता येते तो जिंकतो.

(दाभोळ म्हणतो आपण पण प्लांट दाभोळला नाहीच. दाभोळ खाडीच्या पलीकडे दापोली तालुक्यात, प्लांट अलीकडे गुहागर तालुक्यात अंजनवेल-वेलदूरला. त्या लोकांच्या जमिनी गेल्या आणि नाव लागलं पलीकडच्या गावाचं.)

जून १९९२ मध्ये एन्रॉनची टीम भारतात आली आणि काही दिवसांत, २० जूनला, महाराष्ट्राच्या वीज मंडळाबरोबर सामंजस्य करार (एमओयू) झाला सुद्धा. साधारण २०१५ मेगावॅटचा प्लांट, आयात केलेल्या एलएनजीवर (थंड करून द्रवरूप केलेल्या नैसर्गिक वायूवर) चालणारा, खर्च तीन अब्ज डॉलरच्या आसपास. टेंडर नाही, दुसरी कंपनी बोलावली नाही, तुलनेला कागद नाही. सुधाकरराव नाईक तेव्हा मुख्यमंत्री होते, पुढच्या वर्षी मार्चमध्ये शरद पवार परत आले.

आता इथं पहिला धडा आहे आणि तो लोक चुकीचा घेतात. सगळे म्हणतात एवढ्या घाईत एमओयू केला हीच चूक. मला तसं वाटत नाही. एमओयू कायद्याने बांधत नाही, तो फाडता येतो, त्यामुळे तो पटकन केला तर बिघडत काहीच नाही, उलट पटकन करावा आणि मग निवांत अभ्यास करावा. गडबड अशी झाली की हा फाडता येणारा कागद सगळ्यांनी न फाडता येणारा असल्यासारखा वागवला. त्यानंतर दीड वर्ष जी काही बोलणी झाली ती सगळी "एन्रॉनचा प्लांट कसा घ्यायचा" यावर झाली, "घ्यायचा का" हा प्रश्न परत टेबलावर आलाच नाही. आपल्याकडे लग्नाच्या बोलण्यांत सुपारी फुटली की मागे फिरायला लाज वाटते ना, तसली लाज सरकारांनाही वाटते आणि समोरच्याला ती बरोब्बर कळते.

आणि मागे फिरायला एक उत्तम कारण चालून आलं होतं! एप्रिल १९९३ मध्ये जागतिक बँकेने पत्र लिहून या प्रकल्पाला कर्ज द्यायला नकार दिला. जागतिक बँक म्हणजे काही डाव्या विचारांची संघटना नाही, खासगीकरणाच्या बाजूचीच संस्था, तीसुद्धा म्हणाली की हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या टिकणारा नाही. एवढी मोठी क्षमता एकदम आली तर राज्याला ती चोवीस तास वापरता येणार नाही, महाग एलएनजीची वीज घ्यायला मंडळाला स्वतःची स्वस्त कोळशाची वीज बंद ठेवावी लागेल, आणि सगळा बोजा मंडळावर पडेल. पुढे २००० मध्ये जे घडलं ते या पत्रात जवळजवळ जसंच्या तसं आहे. म्हणजे "तेव्हा कुणाला माहीत होतं" हे म्हणायची सोय नाही. माहीत होतं, लेखी माहीत होतं.

त्या पत्रावर उत्तर काय शोधलं गेलं, तर दुसरीकडून कर्ज. बँक नको म्हणाली तर दुसरी बँक बघू. घर घेताना एका बँकेच्या वकिलाने टायटल क्लिअर नाही म्हणून कर्ज नाकारलं तर आपण काय करतो, खूप लोक खरंच दुसरी बँक बघतात, टायटल नाही बघत.

मग ८ डिसेंबर १९९३. वीज खरेदी करार, वीस वर्षांचा. ही खरी सही. इथून पुढे दार लागलं, आणि लोकांना एमओयूची तारीख माहीत असते, ही नसते.

करारात होतं काय ते जरा सावकाश बघू, कारण सगळा जीव इथं आहे. मंडळ दोन प्रकारचे पैसे देणार, एक स्थिर आकार, म्हणजे प्लांट उभा आहे त्याचे, आणि दुसरे जेवढी वीज घेतली तेवढ्या इंधनाचे. प्लांट ९० टक्के क्षमतेने वीज द्यायला तयार आहे असं कंपनीने म्हटलं की स्थिर आकार द्यायचाच, तुम्ही वीज घ्या नाहीतर घेऊ नका. महिन्याची मेस लावल्यासारखं आहे हे, जेवलात काय आणि गावाला गेलात काय, पैसे तेवढेच, फक्त ही मेस वीस वर्षांची आणि बिल डॉलरच्या भावाने.

आकडा करून बघू म्हणजे कळेल. प्लांट दोन टप्प्यांत होणार होता, त्यातला पहिला टप्पा शेवटी ७४० मेगावॅटचा झाला. महिनाभर तो ९० टक्क्यांनी चालला तर साधारण ४८ कोटी युनिट होतात. समजा स्थिर आकार महिन्याला १०० कोटी रुपये आहे (सोयीसाठी धरलेला आकडा). सगळी वीज घेतली तर युनिटमागे दोन रुपये आणि थोडे पैसे. आता फक्त २० कोटी युनिट घेतले तर युनिटमागे सरळ पाच रुपये, अजून इंधन यात धरलेलंच नाही. म्हणजे वीज महाग आहे म्हणून कमी घ्यावी तर ती अजून महाग होते, अजून महाग झाली म्हणून अजून कमी घ्यावी तर अजूनच. या चक्रातून सुटायचा एकच मार्ग, चोवीस तास सगळी वीज घेणे, आणि ती घ्यायची तर स्वतःचे कोळशाचे प्लांट खाली आणायचे. जागतिक बँक हेच म्हणत होती.

आता जोखीम कुणाकडे गेली ते बघा. मागणीचा अंदाज चुकला तर मंडळाचं नुकसान. इंधन महागलं तर मंडळ. डॉलर वाढला तर मंडळ. कंपनीकडे राहिलं काय, तर प्लांट वेळेत बांधणे आणि चालता ठेवणे, म्हणजे जे तिच्या स्वतःच्या हातात आहे तेवढं. आणि मंडळाने पैसे थकवले तर काय, यासाठी राज्य सरकारची हमी फेब्रुवारी १९९४ मध्ये, तिच्यावर केंद्राची प्रतिहमी (राज्यानेही दिले नाहीत तर केंद्र देणार) सप्टेंबर १९९४ मध्ये, शिवाय लेटर ऑफ क्रेडिट म्हणजे बँकेची पैसे देण्याची हमी, एस्क्रो खातं म्हणजे मंडळाची वसुली आधी कंपनीच्या बिलासाठी बाजूला ठेवणारं खातं, भांडण झालं तर लवाद लंडनला. मला यात कंपनीचा राग येत नाही खरं सांगायचं तर, तिच्या वकिलांनी त्यांचं काम चोख केलं. एकामागे एक एवढी कुलुपं एखादा माणूस मागतो तेव्हा तो काय सांगत असतो? तो सांगत असतो की तुमच्या मंडळाला हे बिल झेपणार नाही अशी मला शंका आहे. समोरच्याला आपल्या ऐपतीची आपल्यापेक्षा जास्त शंका असेल तर तिथंच थांबून हिशोब परत करायला हवा होता.

पण हिशोब करायला आकडे लागतात आणि मंडळाकडे आकडेच नव्हते. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि याच्यावर सगळ्यात कमी बोललं जातं. शेतीच्या पंपांना बहुतेक मीटर नव्हते, हॉर्सपॉवरवर बिल. त्यामुळे वीज किती विकली, किती गळाली आणि किती आकडा टाकून गेली हे अंदाजपंचे ठरायचं. वर्षानुवर्षं मंडळ गळती पंधरा ते अठरा टक्क्यांच्या आसपास दाखवत आलं, उरलेलं सगळं शेतीच्या नावावर टाकून. २००० मध्ये नव्याने आलेल्या वीज नियामक आयोगापुढे पहिल्यांदा जाहीर सुनावणी झाली, तेव्हा खरी गळती तिसाच्या वर निघाली. म्हणजे ज्या संस्थेला आपण आज किती वीज विकतो हे माहीत नाही, तिने वीस वर्षांनंतर किती विकू यावर सही केली होती. आणि गळती थांबवणं हा पर्याय तर कितीही वेळा चुकत माकत करता येण्यासारखा होता, मीटर बसवा, जमलं नाही तर दुसरीकडून सुरू करा, कुणी लंडनला खेचणार नव्हतं.

दुसरी गोष्ट, महाराष्ट्राला तेव्हा कमी पडत होती ती मुख्यतः संध्याकाळची वीज, सहा ते दहा, जेव्हा घरोघरी दिवे लागतात. रात्री दोनला नाही. त्यासाठी पटकन चालू बंद होणारी वीज लागते, म्हणजे पाण्याची. आणि ती येतच होती की! कोयनेचा चौथा टप्पा, १००० मेगावॅट, मार्च १९९९ मध्ये लेक टॅपिंग झालं, टीव्हीवर दाखवलं होतं, शिवसागराच्या तळाला स्फोट करून बोगदा जोडला. चंद्रपूर, खापरखेडा इथे नवे संच येत होते. हे सगळं १९९३ मध्ये मंडळाच्या स्वतःच्याच फायलींत होतं. तरी चोवीस तास चालणारा अवाढव्य प्लांट घेतला.

१९९५ ला येऊ. हा या प्रकरणातला मला सगळ्यात जास्त शिकवणारा भाग आहे, कारण इथे निर्णय मागे घ्यायचा खरंच प्रयत्न झाला आणि तो प्रयत्नच जास्त महागात पडला.

निवडणुकीत शिवसेना-भाजप युतीने एन्रॉन हा मोठा मुद्दा केला, गोपीनाथ मुंडे गावोगाव त्यावर बोलत होते. कंपनीनेही दिशा ओळखली असणार, कारण निकालाच्या तोंडावर, मार्च १९९५ च्या सुरुवातीला कर्जाचे करार पूर्ण करून कामाला सुरुवातसुद्धा झाली. नवं सरकार येईपर्यंत जमिनीवर मशिनरी उभी. हे डोक्यात ठेवायला हवं, कागदावरचा करार रद्द करणं वेगळं आणि काँक्रीट ओतल्यावर रद्द करणं वेगळं, दर महिन्याला बाहेर पडायची किंमत वाढत जाते. त्याच वर्षी एन्रॉनच्या एका उपाध्यक्ष बाईंनी अमेरिकन संसदेच्या समितीपुढे सांगितलं की भारतीयांच्या "शिक्षणावर" कंपनीने दोन कोटी डॉलर खर्च केले. त्यावरून इथे अर्थातच भडका उडाला.

मुंडे समिती बसली, तिने टेंडर नसण्यापासून किमतीपर्यंत सगळ्यावर बोट ठेवलं, आणि ३ ऑगस्ट १९९५ ला मुख्यमंत्री मनोहर जोशींनी विधानसभेत जाहीर केलं की पहिला टप्पा रद्द आणि दुसराही रद्द. पेढे वाटले लोकांनी. सरकार मुंबई हायकोर्टात गेलं की हा करार फसवणुकीने झालाय, तो मुळातच रद्दबातल ठरवा. तिकडे कंपनी लंडनच्या लवादात गेली आणि ३० कोटी डॉलरची भरपाई मागितली.

आता इथं सरकारच्या हातात काय होतं ते बघा. पहिला टप्पा बांधील होता. पण दुसरा टप्पा, म्हणजे प्रकल्पाचा मोठा भाग, मूळ करारात मंडळाच्या मर्जीवर होता! घ्यायचा तर घ्या, नाहीतर नका घेऊ. १९९३ च्या करारात जे एकुलतं एक दार उघडं राहिलं होतं ते हे. काहीच न करता नुसतं बसून राहिले असते तरी दोन तृतीयांश संकट टळलं असतं.

झालं उलटं. नोव्हेंबर १९९५ मध्ये एन्रॉनच्या रेबेका मार्क मुंबईत आल्या, बाळासाहेबांना भेटल्या, मग फेरवाटाघाटीसाठी समिती नेमली आणि त्या समितीने दोन आठवड्यांच्या आत अहवाल दिला. ज्या पूर्वीच्या सरकारला घाईबद्दल शिव्या घातल्या त्यांनी एमओयूला काही दिवस घेतले होते, पण एमओयू फाडता तरी येत होता. ८ जानेवारी १९९६ ला नवा सौदा जाहीर झाला. दर युनिटला २ रुपये ४० पैशांवरून १ रुपया ८६ पैशांवर आला, म्हणून विजय. तो दर डॉलर आणि इंधनाचे तेव्हाचे भाव धरून आणि प्लांट जवळजवळ पूर्ण क्षमतेने चालेल असं धरून काढलेला होता. आणि बदल्यात काय दिलं तर दुसरा टप्पा बांधील करून घेतला, एकूण क्षमता २०१५ वरून २१८४ मेगावॅट केली. बुडवायला निघालेला प्रकल्प आधीपेक्षा मोठा आणि पक्का होऊन परत आला.

हे असं का झालं असावं? माझं मत असं की सरकारला दोन गोष्टी हव्या होत्या, जाहीरपणे आपण झुकलो नाही हे दाखवायचं आणि लंडनचा दावा अंगावर येऊ द्यायचा नाही. दोन्ही तातडीच्या. वीस वर्षांचं बिल तातडीचं नव्हतं, ते पुढच्या कुणाच्या तरी कार्यकाळात येणार होतं. दर युनिटचा आकडा लोकांना कळतो, पेपरच्या हेडलाइनमध्ये बसतो, "दुसरा टप्पा ऐच्छिक होता तो बंधनकारक केला" हे वाक्य हेडलाइनमध्ये बसत नाही. म्हणून दिसणारी सवलत घेतली आणि न दिसणारी मोकळीक विकली. गंमत म्हणजे हे कळणारी माणसं पुण्यातच होती, वीज क्षेत्राचा अभ्यास करणाऱ्या प्रयास संस्थेचे गिरीश संत आणि त्यांचे सहकारी हे सगळं आकडेमोडीसह मांडत होते, १९९५ पासून. ऐकणारे थोडे होते.

केंद्रातही तेच. मे १९९६ मध्ये वाजपेयींचं तेरा दिवसांचं सरकार, बहुमत नाही हे दिसतंय, आणि पडायच्या आधी त्याच सरकारने सुधारित प्रकल्पासाठी प्रतिहमी मंजूर केली. तेरा दिवसांचं सरकार आणि वीस वर्षांची हमी. कायद्याने चुकीचं नसेल, पण ज्याला उद्या उत्तर द्यायला उभं राहायचं नाही त्याने असल्या कागदावर सही करू नये एवढा संकोच असायला हरकत नव्हती. मुंबई हायकोर्टाने डिसेंबर १९९६ मध्ये प्रकल्पाविरुद्धची याचिका फेटाळली, पण फेटाळताना राजकीय सोयीपुढे जनहित कसं मागे पडतं यावर सरकारला चांगलंच सुनावलं. सुनावून बिल कमी होत नाही.

गुहागरमध्ये काय चाललं होतं हे मी थोडक्यात लिहितोय, खरं तर तो स्वतंत्र विषय आहे. वेलदूरच्या मच्छीमारांना खाडीत सोडल्या जाणाऱ्या पाण्याची भीती, बागायतदारांना आंब्या-काजूची, जमिनी गेलेल्यांना नोकऱ्यांची. मोर्चे, जमावबंदी, लाठीमार. जून १९९७ मध्ये पहाटे पोलिसांनी वेलदूरमध्ये घराघरांत शिरून बायकांना ओढून नेलं. अॅम्नेस्टी या मानवी हक्क संघटनेने त्यावर रिपोर्ट काढला आणि १९९९ मध्ये ह्युमन राइट्स वॉचने कंपनीलाही त्यात सामील धरणारा मोठा रिपोर्ट लिहिला. करारावर चर्चा करणाऱ्या कुठल्याच टेबलावर या लोकांना खुर्ची नव्हती, आणि त्यांच्यापुरता निर्णय तर कधीच फिरणारा नव्हता, जमीन गेली ती गेली.

मे १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला, नाफ्थ्यावर (कच्च्या तेलापासून निघणाऱ्या इंधनावर), कारण एलएनजी दुसऱ्या टप्प्याबरोबर यायचा होता. आणि मग एक एक करून सगळे अंदाज चुकले. करार झाला तेव्हा डॉलर ३१ रुपयांच्या आसपास होता, २००१ मध्ये ४७. कच्चं तेल १९९८ च्या शेवटी दहा डॉलरला आलं होतं ते २००० मध्ये तिसाच्या वर गेलं, त्याच्यामागे नाफ्था. उद्योगांची मागणी अपेक्षेइतकी वाढली नाही. आणि नियामक आयोगाने मंडळाला सांगितलं की स्वस्त वीज आधी घ्या, महाग शेवटी. अगदी योग्य आदेश, पण त्यामुळे दाभोळची वीज कमी घेतली गेली आणि मघाशी सांगितलेलं चक्र फिरायला लागलं. काही महिने तर युनिटचा दर सात रुपयांच्या वर गेला. १ रुपया ८६ पैसे म्हणून पेढे वाटलेल्या विजेचा!

२००० च्या शेवटी मंडळाने पैसे थकवले. कंपनीने राज्याची हमी मागितली, मग डिसेंबरच्या १०२ कोटींच्या बिलासाठी थेट केंद्राची प्रतिहमी. मंडळाने उलट ४०१ कोटींचा दंड लावला की सांगितल्यावर तुमचा प्लांट तीन तासांत पूर्ण क्षमतेला पोचला नाही, करारात तसं लिहिलंय. (हे कलम आधी कुणी वाचलं असतं तर बरं झालं असतं असं वाटतं, पण ठीक आहे, उशिरा का होईना वाचलं.) सरकार आता विलासराव देशमुखांचं, आणि त्यात शरद पवारांची राष्ट्रवादी सोबत, म्हणजे ज्यांनी मूळ करार केला तेच बिल भरायला परत हजर.

राज्य सरकारने या प्रकल्पाचा आढावा घ्यायला नेमलेल्या माधव गोडबोले समितीने एप्रिल २००१ मध्ये अहवाल दिला. दीपक पारेख, ई. ए. एस. सर्मा अशी माणसं तिच्यात होती, म्हणजे एकीकडून बँकिंग समजणारी, दुसरीकडून ऊर्जा खातं आतून बघितलेली. समितीने कुठल्या एका पक्षाला नाही तर सगळ्या सरकारांना धरलं, कारभाराचं संपूर्ण अपयश म्हटलं, दर डॉलरमधून काढा, सौदा नव्याने मांडा, आणि न्यायालयीन चौकशी करा असं सांगितलं. पण नव्याने मांडायला समोरचा तयार हवा ना, त्याच्याकडे एवढ्या हम्या असताना तो का तयार होईल. १९ मे ला कंपनीने करार संपवण्याची प्राथमिक नोटीस दिली, २३ मे ला मंडळाने करार रद्द केला, २९ मे २००१ ला प्लांट बंद. दुसरा टप्पा तेव्हा जवळजवळ बांधून झाला होता. डिसेंबर २००१ मध्ये खुद्द एन्रॉनच अमेरिकेत दिवाळखोरीत गेली, पण त्याने आपली सुटका झाली नाही, कारण कर्ज आपल्याच बँकांचं बरंचसं, आणि भागीदार जीई आणि बेक्टेल लवादात उभे. तो गुंता सुटायला २००५ उजाडलं, तेव्हा एनटीपीसी आणि गेल या केंद्र सरकारच्या कंपन्यांनी मिळून रत्नागिरी गॅस अँड पॉवर नावाची कंपनी काढून प्लांट घेतला.

इथे एक वाद कायम होतो तो नोंदवतो. काही लोक म्हणतात २००१ मध्ये करार मोडला नसता तर लोडशेडिंग झालं नसतं, नंतर तेवढी वीज लागलीच ना. लागली, बरोबर आहे, २००५ नंतर ग्रामीण भागात बारा बारा तास वीज नसायची. पण त्याचं कारण दाभोळ बंद पडणं एवढंच नाही. मधल्या काळात राज्याने नवीन प्रकल्पांचं नावच काढलं नाही. आधी "दाभोळ येतोय, वीज उतू जाईल" म्हणून थांबले, मग "दाभोळसारखं होईल" म्हणून थांबले. हात पोळल्यावर सही करायचीच भीती बसली, आणि निर्णय न घेणं हा पण न फिरवता येणारा निर्णय असतो, कारण वीज प्रकल्प उभा राहायला पाच-सात वर्षं लागतात आणि गेलेली वर्षं परत मिळत नाहीत. माझ्या मते १९९३ ची चूक जेवढी मोठी तेवढीच ही २००१ ते २००५ ची, फक्त हिच्यावर कुणी समिती नेमली नाही कारण हिच्यावर कुणाची सहीच नाही.

प्लांट नंतर मे २००६ मध्ये सुरू झाला, मग गॅसवर चालला, मग कृष्णा-गोदावरी (केजी) खोऱ्यातला गॅस आटला तसा परत बसला, २०१५ च्या शेवटापासून रेल्वेला ५०० मेगावॅटच्या आसपास वीज देऊ लागला. एलएनजी टर्मिनल वेगळं काढलं, त्याची समुद्रातली भिंत कित्येक वर्षं अर्धवटच होती म्हणून पावसाळ्यात जहाज लावता यायचं नाही. गोडबोलेंनी मागितलेल्या न्यायालयीन चौकशीसाठी कुर्डुकर आयोग नेमला गेला होता, पण केंद्र सरकारच त्याच्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेलं आणि काम अडकलं. प्रकरण तसंच पडून राहिलं, आणि एप्रिल २०१९ मध्ये, आता एवढ्या वर्षांनी यात काय बघायचं म्हणून, सुप्रीम कोर्टाने ते बंद केलं.